वस्तुसंग्रहालयाचे न दिसणारे काम

वस्तुसंग्रहालय म्हटले की काचेच्या कपाटात मांडलेली नाणी, भिंतीवर टांगलेली शस्त्रे आणि मूर्तीच्या चौथऱ्यावरील छोटीशी पाटी एवढेच चित्र सामान्यतः डोळ्यांसमोर उभे राहते. सहलीला आलेले विद्यार्थी अर्ध्या तासात दालने पाहून बाहेर पडतात. त्या अर्ध्या तासामागे वर्षानुवर्षे चाललेले काम मात्र त्यांच्या दृष्टीस पडत नाही. वस्तू कोठून आली, तिची नोंद कशी झाली, पावसाळ्यात तिला बुरशीपासून कोणी वाचविले, दरवर्षी ती जागेवर असल्याची खात्री कोणी केली, हे प्रश्न प्रेक्षकाला पडत नाहीत. पडावेत अशी अपेक्षाही नाही. परंतु ज्यांच्या हद्दीत जुन्या वस्तू सापडतात ते पंचायत सदस्य, ज्यांच्याकडे त्या प्रथम आणून दाखविल्या जातात ते शिक्षक आणि ज्यांच्याकडे त्याबाबतचे कागद येतात ते अधिकारी यांना या कामाची माहिती असणे अगत्याचे आहे. कारण संग्रहालयाच्या कामाचा आरंभ संग्रहालयात होत नाही. तो गावात होतो.

या दृष्टीने रत्नागिरी जिल्ह्याचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. एका बाजूला सह्याद्री आणि दुसऱ्या बाजूला समुद्र यांच्यामध्ये वसलेल्या या जिल्ह्यात वारसा विपुल आहे आणि तो जपण्यातील अडचणीही तितक्याच मोठ्या आहेत.

रत्नागिरीचा ठेवा

रत्नागिरी शहरातील थिबा राजवाडा सर्वश्रुत आहे. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले येथे पदच्युत केले. प्रथम मद्रास येथे आणि नंतर एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी येथे त्याला कुटुंबासह आणून ठेवण्यात आले. त्याच्यासाठी बांधलेल्या राजवाड्यात तो १९१० मध्ये राहावयास गेला आणि डिसेंबर १९१६ मध्ये रत्नागिरीतच त्याचा अंत झाला. दिल्लीचा अखेरचा बादशहा बहादुरशहा जफर याला इंग्रजांनी रंगूनला धाडले व तेथेच तो १८६२ मध्ये मरण पावला. ब्रह्मदेशचा अखेरचा राजा कोकणात आला व येथेच राहिला. दोन देशांच्या इतिहासाचा हा धागा आजही तुटलेला नाही. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी रत्नागिरीस येऊन थिबा राजाच्या समाधीचे दर्शन घेतले. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचे प्रादेशिक वस्तुसंग्रहालय याच राजवाड्याच्या वास्तूत आहे.

याच शहरात २३ जुलै १८५६ रोजी लोकमान्य टिळकांचा जन्म झाला. टिळक आळीतील त्यांचे जन्मस्थान स्मारक म्हणून जपण्यात आले आहे. सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचे मत्स्यालय व संग्रहालय हा निसर्गविज्ञानाच्या अंगाने जाणारा संग्रह होय. तेथील देवमाशाचा प्रचंड सांगाडा पाहण्यास मुलांची नेहमीच गर्दी होते. मालगुंड येथे कवी केशवसुतांचे स्मारक आहे. चिपळूण येथे १८६४ मध्ये स्थापन झालेले लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर आहे. या संस्थेने ग्रंथांबरोबर जुन्या वस्तूंचाही संग्रह उभा केला आहे. याखेरीज जिल्ह्यातील सड्यांवर कोरलेली कातळशिल्पे आहेत. ती कोणत्याही इमारतीत मावणारी नाहीत.

शासकीय संग्रहालय, विद्यापीठाचे केंद्र, साहित्य संस्थेचे स्मारक, लोकांनी चालविलेले ग्रंथालय आणि उघड्या माळावरील शिल्पे असे हे विविध प्रकार आहेत. त्यांचे व्यवस्थापन वेगवेगळे असले तरी पडद्यामागील कामाची सूत्रे सर्वत्र सारखीच आहेत.

वस्तूपेक्षा तिचा पत्ता महत्त्वाचा

संग्रहालयशास्त्राचा पहिला धडा असा की, वस्तूचे निम्मे मोल ती कोठे व कशी मिळाली या माहितीत असते. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे मिळालेली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा हे याचे उत्तम उदाहरण आहे. तेर गावात रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या टेकाडांवर मिळणाऱ्या वस्तू चिकाटीने गोळा केल्या आणि त्यांच्या संग्रहातून तेथील शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. इटलीतील पाँपेई हे नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथील उत्खननात १९३८ मध्ये भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीप्रतिमा मिळाली. तेरची प्रतिमा तिच्याशी साम्य दाखविते. दोन्हींची प्राप्तिस्थाने माहीत असल्यामुळेच सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या दख्खन व रोम यांच्यातील संबंधांवर त्यांतून प्रकाश पडतो. हीच प्रतिमा एखाद्या शहरातील दुकानात, कोठून आली हे न सांगता विकली गेली असती तर ती केवळ एक सुंदर बाहुली ठरली असती.

कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयातील पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेच्या ब्राँझमूर्तीचेही तसेच आहे. ती ब्रह्मपुरी टेकडीवर मिळाली हे ठाऊक असल्यामुळे ती कोल्हापूरच्या प्राचीन व्यापाराची साक्षीदार ठरते.

वस्तू मुकी असते आणि तिच्या वतीने नोंद बोलते. यास्तव वस्तू सापडल्यानंतरचा पहिला तास सर्वांत महत्त्वाचा असतो. विहीर खणताना, घराचा पाया काढताना किंवा आंब्याच्या कलमांसाठी खड्डे मारताना काही निघाले तर त्या वेळी तेथे संग्रहालयाचा अभिरक्षक हजर नसतो. तेथे गडी, मालक, शेजारी आणि फार तर सरपंच किंवा गुरुजी असतात. किती खोलीवर वस्तू निघाली, तिच्याभोवती खापरे, राख किंवा विटा होत्या काय, ती एकटी होती की इतर वस्तूंसमवेत होती, ही माहिती त्या तासाभरात टिपली गेली नाही तर पुढे कोणत्याही प्रयोगशाळेत ती मिळत नाही.

कायदा काय सांगतो

वस्तू कोणाची, हा प्रश्न लगोलग उपस्थित होतो. या बाबतीत गावोगाव दोन गैरसमज आढळतात. सापडलेली वस्तू सरकारला कळविल्यास ती फुकट जाते, हा पहिला. आणि जमीन आपली म्हणजे जमिनीतील सर्व काही आपले, हा दुसरा.

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये जमिनीत दडलेली आणि दहा रुपयांहून अधिक मूल्याची वस्तू सापडल्यास शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. निधीचे स्वरूप, अंदाजे मूल्य, सापडल्याचे ठिकाण आणि दिनांक या बाबी त्या पत्रात नमूद कराव्या लागतात. वस्तू शासकीय कोषागारात जमा करावी लागते किंवा मागणी होताच हजर करण्याची हमी द्यावी लागते. जिल्हाधिकारी रीतसर चौकशी करतात. निधी बेवारस ठरल्यास, आणि शोधणारा व जागेचा मालक यांच्यात अन्य करार नसल्यास, शोधणाऱ्यास तीन चतुर्थांश व मालकास एक चतुर्थांश हिस्सा देण्याची तरतूद आहे. शासनाला तो निधी संपादन करावयाचा असल्यास त्यातील धातू वा द्रव्याची किंमत व तिच्या एक पंचमांश इतकी अधिक रक्कम हक्कदारांस द्यावी लागते. याउलट न कळविणाऱ्याचा हिस्सा जातो आणि तो शिक्षेसही पात्र ठरतो. म्हणजेच प्रामाणिकपणे कळविणाऱ्याचे नुकसान होऊ नये याची काळजी या जुन्या कायद्यानेही घेतलेली आहे.

दुसरा कायदा पुरावशेष व बहुमोल कलाकृती अधिनियम, १९७२ हा होय. तो ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. शंभर वर्षांहून कमी नाही इतकी जुनी मूर्ती, नाणे, चित्र, शिलालेख किंवा कारागिरीची वस्तू या कायद्याने पुरावशेष ठरते. हस्तलिखितांच्या बाबतीत ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. अशा वस्तू खाजगी व्यक्तींना देशाबाहेर नेता येत नाहीत आणि त्यांच्या विक्रीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. जुन्या घरांतील माळ्यावरच्या पोथ्या व देव्हाऱ्यातील मूर्ती यांसाठी फिरणाऱ्या खरेदीदारांपासून गावाने सावध का राहावे, हे यावरून ध्यानी येईल.

दाखल नोंदवही : संग्रहालयाचा कणा

वस्तू संग्रहालयात आल्यावर प्रथम दाखल नोंदवहीत तिची नोंद होते. शासकीय कार्यालयांत व शाळांत जडवस्तू नोंदवही असते आणि तिची सर्वांना सवय असते. संग्रहालयाची दाखल नोंदवही वरवर पाहता तशीच दिसली तरी तिचे तत्त्व निराळे आहे. जडवस्तू नोंदवहीतील खुर्ची मोडली की ती निर्लेखित करता येते. दाखल नोंदवहीतील वस्तू मोडली तरी ती निर्लेखित होत नाही. तिचे तुकडे त्याच क्रमांकाखाली जपले जातात. खुर्चीची जागा दुसरी खुर्ची घेऊ शकते, पण एका ताम्रपटाची जागा दुसरा ताम्रपट घेऊ शकत नाही.

ही वही पक्क्या बांधणीची व पृष्ठक्रमांक घातलेली असावी. नोंद टिकाऊ शाईने करावी. चूक झाल्यास खाडाखोड न करता एका रेघेने मजकूर छेदून शेजारी दुरुस्ती व स्वाक्षरी करावी. प्रत्येक वस्तूला एकच क्रमांक मिळतो आणि तो क्रमांक पुन्हा दुसऱ्या वस्तूस दिला जात नाही. वस्तूचे नाव, द्रव्य, मापे, वजन, स्थिती, प्राप्तिस्थान, देणाऱ्याचे नाव, मिळाल्याचा दिनांक आणि ती देणगी, खरेदी, उत्खनन यांपैकी कोणत्या मार्गाने आली, एवढी माहिती लिहिल्याशिवाय नोंद पूर्ण होत नाही. देणगीच्या बाबतीत देणाऱ्याचे लेखी पत्र असणे आवश्यक असते. तोंडी दिलेल्या वस्तूवरून पुढच्या पिढीत वाद होतात आणि वस्तू व देणगीदार या दोघांचीही विटंबना होते.

क्रमांक वस्तूवर घालण्याचीही एक रीत आहे. तो दर्शनी भागावर नसावा, परंतु शोधावाही लागू नये. धातू व दगड यांवर प्रथम निघू शकणाऱ्या पारदर्शक रोगणाचा छोटा पट्टा ओढून त्यावर शाईने क्रमांक लिहितात. कागदावर मऊ पेन्सिलने लिहितात. वस्त्रावर क्रमांक लिहिलेली सुती फीत दोन टाक्यांनी शिवतात. चिकटपट्टी कोठेही वापरीत नाहीत. तिचा गोंद कालांतराने डाग पाडतो. यानंतर छायाचित्र घेतले जाते आणि वस्तू कोणत्या खोलीत, कोणत्या कपाटात, कितव्या फळीवर आहे याची जागानोंद होते. दरवर्षी वही आणि वस्तू समोरासमोर ठेवून पडताळणी करावी लागते. चोरी झाल्यास पोलिसांकडे देता येईल असा एकमेव पुरावा म्हणजे ही नोंद व ते छायाचित्र होय.

आता संगणकावरही नोंदी होऊ लागल्या आहेत. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने संग्रहालयांसाठी ‘जतन’ नावाची संगणक प्रणाली तयार केली असून देशातील अनेक शासकीय संग्रहालयांच्या नोंदी तिच्यात घेण्यात आल्या आहेत. संगणकामुळे शोध सुलभ होतो. मात्र मूळ नोंदच अपुरी असेल तर संगणक ती पुरी करू शकत नाही.

पाऊस, खारा वारा आणि वाळवी

दालनात मांडलेल्या वस्तूंहून साठवणखोलीत ठेवलेल्या वस्तू बहुधा अधिक असतात. या खोलीची व्यवस्था हे पडद्यामागील सर्वांत कष्टाचे काम आहे आणि कोकणात ते अधिकच कठीण होते. रत्नागिरीत वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि तो मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या काळात हवेतील सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळ ऐंशी टक्क्यांच्या वर असते. कागद, कापड व चामडे यांवर बुरशी धरण्यास पासष्ट ते सत्तर टक्के आर्द्रता पुरेशी होते.

यास्तव कोकणातील संग्रहालयाचे वर्ष पावसाळ्याभोवती आखावे लागते. मे महिन्यात कौले, पन्हळी व गच्चीचे सांधे तपासावे लागतात. कपाटे भिंतीला टेकून न ठेवता वीतभर अंतर सोडून ठेवतात, म्हणजे हवा खेळती राहते आणि भिंतीची ओल कपाटात उतरत नाही. वस्तू थेट जमिनीवर कधीही ठेवीत नाहीत. बंद पेट्यांत ओल शोषणारे सिलिका जेल ठेवतात; निळ्या प्रकारच्या जेलचा रंग गुलाबी झाला की ते तापवून पुन्हा वापरावे लागते. पावसाळ्यात दर आठवड्याला प्रत्येक कप्पा उघडून पाहणे हे बिनखर्चाचे, परंतु सर्वांत परिणामकारक औषध आहे. वाळवीची माती, लाकडाच्या भोकातून पडलेला भुसा आणि कागदावरील कसरीच्या खुणा वेळीच दिसल्या तर एका वस्तूचे नुकसान होते. उशिरा दिसल्या तर कपाट जाते.

उन्हाचे नुकसान हळूहळू होते, म्हणून ते लक्षात येत नाही. कागद, जलरंग व वस्त्रे यांवर पन्नास लक्सहून अधिक प्रकाश पडू नये, असा संकेत आहे. पडदे ओढलेले व दिवे मंद असलेले दालन पाहून काही प्रेक्षक नाराज होतात. मात्र एकदा उडालेला रंग परत येत नाही.

समुद्रकिनारी धातूंचे शत्रुत्व खाऱ्या हवेशी असते. तांबे व ब्राँझ यांच्या वस्तूंवर फिकट हिरवी भुकटी सुटू लागली की क्षारांमुळे होणाऱ्या रोगाचे ते लक्षण समजावे आणि ती वस्तू इतरांपासून वेगळी करावी. घरच्या भांड्यांप्रमाणे चिंच व राख लावून घासणे हा उपाय नसून अपाय आहे. त्यात नाण्यावरील अक्षरेच निघून जातात. जाळ्यात किंवा वाळूत मिळालेली लोखंडी वा लाकडी वस्तू उन्हात वाळविल्यास भेगाळते व तिचे पापुद्रे सुटतात. अशी वस्तू तज्ज्ञांच्या हाती जाईपर्यंत पाण्यातच ठेवणे इष्ट असते. जिल्ह्यातील मच्छीमार बांधवांपर्यंत ही साधी गोष्ट पोहोचली तर समुद्राने दिलेले पुष्कळ काही वाचू शकेल.

रासायनिक जतनाचे काम मात्र प्रशिक्षित व्यक्तीनेच करावे. लखनौ येथे १९७६ मध्ये स्थापन झालेली सांस्कृतिक संपदेच्या जतनाची राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील जतन केंद्र यांसारख्या ठिकाणी या विषयाचे ज्ञान उपलब्ध आहे. लहान संस्थेने स्वतः प्रयोग करण्यापेक्षा सल्ला मागणे श्रेयस्कर होय.

चिपळूणच्या पुराचा धडा

जतनाच्या कामाची खरी परीक्षा आपत्तीत होते. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन्ही वेळी वाशिष्ठी नदीच्या महापुराने चिपळूण शहर बुडाले आणि दोन्ही वेळी लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरून ग्रंथसंपदेची मोठी हानी झाली. दीडशेहून अधिक वर्षांच्या या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी दोन्ही वेळा चिखल उपसून कामास पुन्हा प्रारंभ केला, ही गोष्ट गौरवास्पद आहे. त्याचबरोबर नदीकाठच्या व खाडीकाठच्या प्रत्येक संस्थेने, शाळेने व ग्रामपंचायतीने त्यातून बोध घ्यावयास हवा.

भिजलेल्या कागदावर साधारणपणे अठ्ठेचाळीस तासांत बुरशी धरू लागते. पूर ओसरल्यावर पंचनामे, मदत व सफाई यांतच हे दोन दिवस निघून जातात. म्हणून कोणत्या वस्तू प्रथम हलवावयाच्या याची यादी पावसाळ्यापूर्वीच तयार असली पाहिजे. दुर्मिळ ग्रंथ, दाखल नोंदवही, हस्तलिखिते आणि गावचे जुने दप्तर यांचे स्थान त्या यादीत सर्वांत वर असावे आणि ती तळमजल्यावर नसावीत. नोंदवहीची एक प्रत वेगळ्या इमारतीत, शक्यतो वेगळ्या गावी असावी. भिजलेली पुस्तके उन्हात न टाकता पंख्याच्या वाऱ्यावर उभी करून व पानांमध्ये शोषकागद घालून वाळवावीत. संख्या फार असेल तर ती गोठवून ठेवल्यास बुरशीची वाढ थांबते आणि पुढील कामास सवड मिळते. कोकणात मासळीसाठी बर्फाचे कारखाने व शीतगृहे आहेत. त्यांच्या चालकांशी अशा प्रसंगासाठी आधीच बोलणे करून ठेवता येण्यासारखे आहे.

उघड्या माळावरील संग्रहालय

आतापर्यंत वर्णन केलेले काम छपराखालचे होते. कातळशिल्पांचे स्वरूप निराळे आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या जांभ्या सड्यांवर हत्ती, मासे, मानवाकृती व गूढ भौमितिक आकृती कोरलेल्या आहेत. राजापूर तालुक्यातील कशेळी येथील हत्तीची आकृती सुमारे अठरा मीटर लांब व तेरा मीटर रुंद असून तिच्या पोटात इतर अनेक प्राण्यांच्या आकृती आहेत. स्थानिक अभ्यासकांनी वर्षानुवर्षे सडे पायी तुडवून, गुराख्यांना व शेतकऱ्यांना विचारून ही ठिकाणे उजेडात आणली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत कोकणातील कातळशिल्पांचा समावेश झाला. त्यांत कशेळी, रुंढेतळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरुण व उक्षी ही रत्नागिरी जिल्ह्यातील ठिकाणे आहेत.

ही शिल्पे दालनात आणता येत नाहीत. दालनच तेथे न्यावे लागते. आणि तेथे अभिरक्षकाची जागा गावालाच घ्यावी लागते. चिरेखाण, रस्ता, घरबांधणी, वणवा आणि उत्साही पर्यटकांची पावले यांपैकी कशानेही हजारो वर्षांची रेषा एका दिवसात पुसली जाऊ शकते. सड्याची जमीन बहुधा खाजगी मालकीची असते. म्हणून मालकाला विश्वासात घेतल्याशिवाय जतन शक्य नाही. ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील शिल्पांची गट क्रमांकासह नोंद ठेवली, तर एखाद्या कामास ना-हरकत देताना ती नोंद आपोआप समोर येईल. अशा वेळी एक ओळ लिहिलेली असणे किंवा नसणे यावर शिल्पाचे भवितव्य अवलंबून राहते.

वीरगळ, सतीशिळा व गधेगळ यांनाही हेच लागू आहे. ज्या शिळांची गावात पूजा होते त्या हलविण्याची गरज नाही. छायाचित्र, मापे व जागा यांची नोंद पुरेशी असते. मात्र त्यांवर तैलरंग देणे, सिमेंटने त्या चिणणे किंवा अक्षरे दिसावीत म्हणून ती खिळ्याने कोरणे या गोष्टी सद्भावनेने होत असल्या तरी टाळल्या पाहिजेत.

गावाने करावयाचे काम

वरील विवेचनावरून पंचायती, शाळा व कार्यालये यांच्यासाठी काही साधे नियम सांगता येतील.

१. जुनी वस्तू निघताच तेथील खोदकाम थांबवावे. वस्तू पुसू, धुऊ अथवा घासू नये.

२. वस्तू हलविण्यापूर्वी शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. आज जवळजवळ प्रत्येकाच्या हाती भ्रमणध्वनी असल्याने हे सहज शक्य आहे. गट क्रमांक, खोली, दिनांक, सापडणाऱ्याचे नाव व हजर असलेल्यांची नावे त्याच ठिकाणी लिहून काढावीत.

३. तलाठी व तहसीलदार यांच्यामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे आणि पत्राची प्रत पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी येथील कार्यालयास द्यावी. पत्राची पोच जपून ठेवावी.

४. ग्रामपंचायतीने गावातील जुन्या वास्तू, शिळा, तोफा, विहिरी व कातळशिल्पे यांची वारसा नोंदवही ठेवावी. ती दरवर्षी ग्रामसभेपुढे मांडून पडताळावी.

५. शाळेने वरच्या वर्गातील मुलांकडून घरातील जुन्या वस्तूंची यादी करून घ्यावी. वस्तू शाळेत मागवू नयेत. चित्र, नाव, उपयोग व आजी-आजोबांनी सांगितलेली माहिती एवढे पुरे. रोवळी, शेर-पायली, इरले यांसारख्या वस्तूंची नावे व उपयोग सांगणारी पिढी असेपर्यंतच हे काम होण्याजोगे आहे.

६. संग्रहालयाच्या सहलीपूर्वी शिक्षकांनी एकदा स्वतः जाऊन यावे व मुलांना पाहण्यासाठी चार-पाच वस्तूच नेमून द्याव्यात. शंभर वस्तूंवरून नजर फिरविण्यापेक्षा पाच वस्तू नीट पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

संग्रहालयानेही गावाकडे जावयास हवे, ही दृष्टी आता रुजत आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसगाडीतून फिरते वस्तुसंग्रहालय शाळांपर्यंत नेण्याचा उपक्रम हाती घेतला. सर्वच संस्थांना एवढा व्याप परवडणारा नाही. तथापि वस्तूंच्या प्रतिकृती व छायाचित्रे यांची एक पेटी तालुक्यातील शाळांतून फिरविणे लहान संग्रहालयासही शक्य आहे.

माणसे आणि निष्ठा

संग्रहालयाची इमारत एकदा उभी राहते. काम मात्र रोज करावे लागते. अभिरक्षक, नोंदणी पाहणारा लिपिक, दालन झाडणारा कर्मचारी, रात्रीचा पहारेकरी आणि प्रेक्षकांना माहिती देणारा मार्गदर्शक यांपैकी कोणा एकाची चूक संपूर्ण संग्रहास भोवू शकते. कपाट पुसताना ओले फडके वापरू नये हे सफाई कर्मचाऱ्यास समजावून सांगणे, आणि छपरातून पडलेला पहिला थेंब त्याने तत्काळ कळवावा असा विश्वास त्याच्यात निर्माण करणे, हे महागड्या यंत्रसामग्रीइतकेच मोलाचे आहे. वस्तूंना सर्वांत अधिक वेळा जो पाहतो तो हाच कर्मचारी असतो.

औंध येथे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये संग्रहालय उभे केले. ते संस्थानिक होते. त्यांच्यापाशी साधने होती. तेरच्या लामतुरे यांच्यापाशी गावकऱ्यांचा विश्वास आणि स्वतःची चिकाटी एवढेच भांडवल होते. महाराष्ट्रातील संग्रहालये या दोन्ही मार्गांनी वाढली आहेत. आजच्या काळात पहिला मार्ग शासनाचा, तर दुसरा गावाचा आहे आणि दोहोंची सांगड पडल्याखेरीज वारसा टिकत नाही. राजवाड्याच्या भिंती शासन दुरुस्त करू शकेल, परंतु सड्यावरील रेषेची, विहिरीतून निघालेल्या नाण्याची व माळ्यावरील पोथीची पहिली नोंद ही गावातील कोणी तरी जाणत्यानेच करावयाची आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी जिल्ह्यातील प्रत्येक ग्रामपंचायतीने वारसा नोंदवहीचे पहिले पान लिहिले, तर रत्नागिरीच्या संग्रहालयसेवेला एक नवे आणि भक्कम दालन लाभेल.